रेल्वेवरची टपाल तिकिटं जमवायची आहेत, सुरुवात कशी करू?

आधी विषय अरुंद करा. रेल्वेवरची तिकिटं जवळपास प्रत्येक देशाने काढली आहेत, सगळीच जमवायला गेलात तर संग्रहाला आकार येत नाही. फक्त वाफेची इंजिनं, फक्त पूल, किंवा टपाल वाहणाऱ्या गाड्या असं काहीतरी निवडा. मला स्वतःला पूल आणि बोगदे फार आवडतात, कारण त्यात तो मुलूखही दिसतो.

इतिहासही वाचा, गोडी वाढते. आज कॅनडाचा प्रांत असलेल्या न्यू ब्रन्सविकने 1860 मध्येच एक सेंटच्या तिकिटावर इंजिन छापलं होतं. अमेरिकेच्या 1901 च्या दोन सेंटच्या तिकिटाच्या काही प्रतींवर आगगाडी उलटी छापली गेली; त्या आज अतिशय दुर्मीळ आहेत. आपल्याकडे 1953 चं रेल्वे शताब्दीचं तिकीट आहे, ते मात्र नवशिक्यालाही मिळू शकतं.

तिकीट बोटांनी धरू नका, चिमटा वापरा. स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायची पट्ट्यांची वही, उभं ठेवा, दमट जागी नको. आणि कोपरा फाटलेलं किंवा कडेचे दात तुटलेलं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, अगदीच दुर्मीळ असेल तर गोष्ट वेगळी.