नावं चोवीस हजार, मृत एकोणसत्तर हजार

प्रश्न : पेरू देशातल्या सत्य आयोगाबद्दल वाचनात आलं. आयोगाने गावोगाव हिंडून सतरा हजारांच्या आसपास साक्षी घेतल्या, मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे चोवीस हजार माणसांची नावं जमवली आणि अहवालात आकडा छापला ६९,२८०! वरची पंचेचाळीस हजार माणसं आली कुठून? मी जन्मभर पतसंस्थांचे हिशेब तपासले. असा ताळेबंद कुणी आणला असता तर मी त्यावर सही केली नसती.
— एक निवृत्त लेखापरीक्षक, मिरज

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अहवाल आला तेव्हा खुद्द पेरूतही अनेकांनी हेच विचारलं होतं. तोवर पंचवीस-तीस हजारांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. मे १९८० मध्ये आयाकुचो प्रांतातल्या चुस्ची गावात ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेने मतपेट्या जाळल्या. पुढची वीस वर्षं डोंगरातल्या खेड्यांना दोन्हीकडून मार बसला. एप्रिल १९८३ मध्ये लुकानामार्कात शायनिंग पाथने ६९ गावकरी मारले, बायका-पोरांसकट. ऑगस्ट १९८५ मध्ये अक्कोमार्कात लष्कराने तेच केलं. २००० साली अध्यक्ष फुजिमोरी देश सोडून पळाले आणि २००१ मध्ये हंगामी सरकारने आयोग नेमला. एक राजवट जाऊन दुसरी येताना जुन्या अत्याचारांचा हिशेब मांडायचा, यालाच अभ्यासक संक्रमणकालीन न्याय म्हणतात. हिशेब आला म्हणजे तुमचा-माझा प्रांत आला.

आता वरची पंचेचाळीस हजार माणसं. आयोगापाशी एकच यादी नव्हती. स्वतःच्या साक्षींची एक, देशाच्या लोकपाल कार्यालयाची दुसरी आणि मानवी हक्क संघटनांसारख्या इतर संस्थांची तिसरी. मेख आहे ती या याद्यांमधल्या समाईक नावांत.

आकडे लहान घेऊन बघू. समजा, एका भागात पहिल्या यादीत ६० मृतांची नावं आहेत, दुसरीत ५०, आणि ३० नावं दोन्हींत आहेत. दुसऱ्या यादीतल्या ५० पैकी ३० जण पहिल्या यादीला सापडले होते, म्हणजे पहिल्या यादीची पकड साठ टक्क्यांची. साठ टक्के पकडीत ६० नावं आली, तर एकूण मृत १००. पण दोन्ही याद्या एकत्र करून दुबार नावं काढली तर उरतात फक्त ८०. बाकीचे २० कुणाच्याच वहीत नाहीत. त्यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत, पण ती माणसं होती हे कळतं.

ही रीत काही परदेशी जादू नाही. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागातल्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदी आणि घरोघर फिरून केलेली पाहणी एकमेकींशी ताडून सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी १९४९ साली नेमका हाच हिशेब मांडला होता: दोन्हीकडून निसटले किती? हेच चंद्रशेखरन पुढे मुंबईत लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेचे संचालक होते. आज ती देवनारला आहे. मी हे प्रकरण वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं जन्म-मृत्यूच्या दाखल्यापलीकडे जात नसत. त्यातून हत्याकांडं मोजली जातील, असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

खरी गोम गुणाकार-भागाकारात नाही. ती दोन ठिकाणी आहे.

एक म्हणजे नावं जुळवणं. आयाकुचोत किस्पे आणि हुआमान ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी सर्रास. एका यादीत माणूस जन्मगावाच्या नावाने, दुसरीत जिथे मारला गेला त्या गावाच्या नावाने. एकीत स्पॅनिश वळणाचं नाव, दुसरीत क्वेचुआ भाषेतलं घरचं नाव. दोन वेगळी माणसं एक समजलात तर समाईक नावं वाढतात आणि एकूण आकडा घसरतो. एकच माणूस दोनदा मोजलात तर उलट. तुम्ही आयुष्यभर व्हाउचरं ताडली आहेत, तेव्हा हे तुम्हाला जास्त सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. वरचं गणित असं धरून चालतं की दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात जे कुटुंब एका ठिकाणी बोलायला धजावतं तेच दुसरीकडेही जातं. मग समाईक नावं फुगतात आणि आकडा कमी येतो. याउलट, सरकारी कचेरीची ज्यांना धास्ती ते संघटनेकडे जातात आणि संघटनेशी ज्यांचं पटत नाही ते तिच्याकडे फिरकतच नाहीत. तसं झालं तर आकडा जास्त येतो. म्हणूनच तीन याद्या लागतात. तीन असल्या की त्यांच्यातलं लागेबांध्यांचं प्रमाण थोडंफार तपासता येतं. शिवाय हिशेब सबंध देशाचा एकगठ्ठा न मांडता प्रदेशवार मांडतात.

यादी एवढी तोकडी का पडली, याचं उत्तर अहवालातच आहे. मृतांपैकी दर चारांत तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळनिवासी भाषा होती. १९९३ च्या जनगणनेत असे लोक १६ टक्के होते. राजधानी लिमातल्या लोकांना ही माणसं जिवंतपणीही फारशी दिसत नव्हती.

६९,२८० हा नुसता आकडा कधी उद्धृत करू नका. आयोगाने त्याच्यासोबत ६१,००७ ते ७७,५५२ अशी कक्षाही दिली आहे. ती नसती तर मीही तुमच्यासारखीच सही केली नसती.

आणि हो, वाद आजही मिटलेला नाही. शायनिंग पाथने मारलेल्यांची नावं इतर संस्थांच्या याद्यांत फार थोडी होती. त्यामुळे तो वाटा आयोगाने थेट न मोजता बऱ्याच अंशी वजाबाकीने काढला. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सिल्वियो रेंदोन यांनी यावरच बोट ठेवलं. त्यांच्या हिशेबाने एकूण मृत ४८ हजारांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे सरकारी दलांचा वाटा शायनिंग पाथपेक्षा मोठा. आयोगाचा निष्कर्ष नेमका उलटा होता. आयोगाच्या मूळ हिशेबात असलेले पॅट्रिक बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा मांडणी केली. तेव्हा आकडा ५८ हजारांवर आला. माझं मत विचाराल तर, एकूण मृत नावांच्या यादीच्या जवळपास दुप्पट तरी होते, यावर मी पैज लावीन. कुणी किती मारले या टक्केवारीवर मात्र लावणार नाही.

प्रश्न : मी फौजदारी वकिली करतो. आमच्याकडे ‘अंदाजे’ हा शब्द साक्षीदाराच्या तोंडून निघाला की उलटतपासणीत त्याचं भुस्काट होतं. हे असले आकडे कुठल्या न्यायालयात टिकतात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : टिकतात. पण काय सिद्ध करायला वापरता त्यावर ते आहे. अमुक सैनिकाने अमुक माणसाला मारलं, हे कुठलंही संख्याशास्त्र सांगणार नाही. वंशसंहाराच्या खटल्यात प्रश्न वेगळा असतो: एका समाजालाच लक्ष्य केलं होतं का?

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशाचे माजी लष्करशहा रिओस माँट यांच्यावर २०१३ मध्ये खटला चालला. इशिल भागातले तीन तालुके, एप्रिल १९८२ ते जुलै १९८३. वर उल्लेख आलेले पॅट्रिक बॉल तिथे साक्षीला उभे राहिले. अनेक याद्या ताडून काढलेला मृतांचा अंदाज त्यांनी १९८१ च्या जनगणनेशी लावला. निष्कर्ष असा की लष्कराने तिथल्या मूळनिवासींपैकी ५.५ टक्के लोक मारले आणि त्याच तालुक्यांतल्या इतर लोकांपैकी ०.७ टक्के. शेजारी-शेजारी राहणारी माणसं आणि जिवाचा धोका आठपट! ‘युद्धात माणसं मरतातच’ हा बचाव इथे लंगडा पडतो. गोळीला जात कळत नसेल तर दोन्ही टक्केवाऱ्या जवळपास सारख्या यायला हव्या होत्या.

१० मे २०१३ रोजी ८० वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांत घटना न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१८ मध्ये आरोपी वारले. पण शिक्षा रद्द झाली ती कामकाजाच्या मुद्द्यावरून. आकडे खोटे ठरले म्हणून नव्हे. वकील म्हणून हा फरक तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता.

त्याच देशातलं दुसरं उदाहरण मला अधिक आवडतं. २००५ मध्ये ग्वातेमाला शहरातल्या एका पोलीस आवारात जुन्या राष्ट्रीय पोलिसांचं दफ्तर सापडलं. अंदाजे आठ कोटी पानं, ओल लागलेली, छतापर्यंत रचलेले गठ्ठे. सगळं वाचायचं तर पिढ्या गेल्या असत्या. आधी महत्त्वाचं दिसेल ते वाचावं, तर आरोपीचा वकील म्हणणार की सोयीचे तेवढे कागद वेचलेत. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी नमुना काढला तो जागेवरून: कुठली खोली, कुठला ढीग, ढिगात किती उंचीवरचा कागद, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. कागदात काय आहे हे निवडणाऱ्याला ठाऊकच नसे. १९८४ मध्ये बेपत्ता झालेल्या एका कामगार नेत्याच्या खटल्यात या नमुन्यावर आधारलेली साक्ष झाली आणि २०१३ मध्ये पोलिसांच्या माजी प्रमुखाला ४० वर्षांची शिक्षा लागली. वरिष्ठांना माहिती होती का, हे शाबीत करायला पोलीस यंत्रणेत कागद कुणाकडून कुणाकडे जात हे दाखवावं लागतं. तिथे एका सनसनाटी चिठ्ठीपेक्षा शेकडो रटाळ जावक नोंदी जास्त बोलतात.

प्रश्न : बाई, मी एम.ए.ला आहे. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात जी माणसं मारली गेली त्यावर प्रबंधिका करायची आहे. त्या हिंसेची पाहणी करायला भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सबंध हैदराबाद संस्थानासाठी २७ ते ४० हजार असा आकडा दिला आहे. त्याला ही यादी ताडण्याची पद्धत लावता येईल का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : त्या आकड्याला नाही लावता येणार. ताडायला निदान दोन याद्या हव्यात, नावानिशी. समितीकडे अंदाज होता.

पण त्या अंदाजाचीच चिकित्सा हा तुझा विषय होऊ शकतो, आणि चांगला होईल. समिती संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. न पाहिलेल्या १०९ गावांतले पाचशेवर लोक तिला येऊन भेटले. कोण येऊ शकलं? जे वाचले आणि ज्यांच्यात प्रवास करण्याचं त्राण होतं ते. ज्या गावात सांगणाराच उरला नाही तिथलं कोण सांगणार? सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत समितीने उस्मानाबाद आणि नांदेड धरले आहेत, म्हणजे तू तुझ्या दारातच उभी आहेस. जिल्हावार वाचत जा आणि बघ, कुठला आकडा डोळ्यांनी पाहिल्यावर दिला आहे आणि कुठला ऐकून. आणि २७ ते ४० ही पेरूसारखी गणिताने काढलेली कक्षा नव्हे. कृपा करून तिची सरासरी काढू नकोस! असे प्रबंध मी तपासले आहेत.

१९४१ आणि १९५१ च्या जनगणनांची वजाबाकी करायचा मोह होईल. त्यात स्थलांतर मिसळलेलं आहे, कुणी पाकिस्तानात गेलं, कुणी शहरात. त्यातून मृत वेगळे काढता येत नाहीत.

रझाकारांनी मारलेल्यांचा रकाना वेगळा ठेव, पण ठेव जरूर. तो वगळलास तर निम्मं नांदेड तुझ्याशी बोलणार नाही, आणि त्यांचं चुकणारही नाही.

म्हाताऱ्या बायकांना भेटशील तेव्हा सावकाश घे. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगापुढे बायका आल्या आणि नवऱ्याचं, मुलाचं सांगून उठल्या. स्वतःवर काय गुदरलं ते बोलल्याच नाहीत. शेवटी आयोगाला फक्त बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवाव्या लागल्या. तेव्हा ‘आणि तुमचं काय झालं?’ हा प्रश्न कागदावर वेगळा लिहून घे, सुनांना-नातवंडांना बाहेर पाठवून विचार. नाव लिहू नका म्हणाल्या तर लिहू नकोस. पण ‘घटना सांगितली, नाव देण्यास नकार’ एवढी नोंद तारीख आणि गावासह करून ठेव. पुढे कुणाला दुसरी यादी मिळालीच, तर असे नकार किती होते हे आधी लागेल.