आधी दाखला हातात घ्या, मग गटाचं वेळापत्रक करा

मुलगी सातवीत, मुलगा सहावीत, जूनपासून शाळेतून काढून चार घरं मिळून घरीच शिकवायचं ठरलंय आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर शाळा म्हणते "पुढच्या शाळेचं मागणीपत्र आणा, मगच दाखला". तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण आमचं अख्खं वर्ष नेमकं इथेच गेलं. पुस्तकं कुठली, तास किती, ते तुमचं तुम्ही ठरवाल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दाखल्याचं मात्र याच आठवड्यात हाती घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "नाव राहू दे पटावर, नंतर बघू". मूल घरी शिकतंय आणि हजेरीपटावर गैरहजेरी साठत जाते. दोन-तीन वर्षांनी दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) भरायला बसलात की मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तोवर मुख्याध्यापक बदललेले, क्लार्क बदललेले, आणि मधल्या वर्षांचं काय लिहायचं यावर सगळे गप्प. आम्हाला एका कार्यालयात तीन टेबलांवर फिरवलं. प्रत्येकानं तोंडी सांगितलं, कागदावर कुणीच काही दिलं नाही. हा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तोंडी काहीही करू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, दोन प्रती. त्यात मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश-नोंदवही) नंबर, जन्मतारीख आणि "पालकांच्या विनंतीवरून नाव कमी करून मूळ दाखला मिळावा" एवढंच. घरी का शिकवणार याचं भाषण अर्जात नको, त्यावरून वाद सुरू होतो आणि काम थांबतं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. मागणीपत्राचा आग्रह धरला तर "हे लेखी द्या" म्हणा, आवाज न चढवता.

अर्जाच्याही आधी एक काम आहे. जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा आणि जन्मदाखला, आधार यांच्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मस्थळ, जात-पोटजात. आपल्याकडे सोलापुरात पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची स्पेलिंगं तर हमखास दोन कागदांवर दोन तऱ्हेची असतात. मूल पटावर असताना दुरुस्ती अर्ज आणि पुराव्यावर होते. दाखला निघाल्यावर तीच गोष्ट फार जड जाते. शेवटचं प्रगतिपत्रकही मागून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण एवढं नक्की: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याला ना स्पष्ट परवानगी, ना स्पष्ट मनाई. दाखला लगेच द्यावा असं कलम ५ सांगतं, पण ते दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाबद्दल आहे. म्हणून खिडकीवर कलमं ऐकवू नका. कलम ४ मात्र लक्षात ठेवा. परत शाळेत घालायची वेळ आली तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

आता गटाबद्दल. चार घरं म्हणजे सहा-आठ मुलं, हा आकडा उत्तम. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा. उन्हाळ्यात सोलापुरात अकरानंतर मुलांना घराघरांत फिरवायचं नाही. गट मोडतो तो शिकवण्यावरून नाही, मूल सोडून निघून जाणाऱ्या पालकांवरून मोडतो. त्यामुळे प्रत्येक घरानं एक विषय घ्यायचा, तीन महिने सोडायचा नाही आणि साहित्याचे पैसे तिमाहीच्या सुरुवातीला भरायचे, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ओळखीचे आहेत म्हणून सह्या टाळू नका.

गणित गटावर सोपवू नका, हे माझं ठाम मत आहे. रोज घरी चाळीस मिनिटं, गटात फक्त अडलेली उदाहरणं. आणि इयत्तेप्रमाणे बसवू नका. अपूर्णांकांचा भागाकार आणि ऋण संख्यांची वजाबाकी यांची वीस उदाहरणं द्या, आणि कोण कुठे अडतं त्यावरून जोड्या लावा. सातवीतलं मूल सहावीतल्याबरोबर बसलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पाया कच्चा ठेवून बीजगणित सुरू केलं की.

गुणोत्तर-प्रमाण शिकवायला मात्र यंत्रमागाचा कारखाना दाखवा. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात तो आकडा. २० काउंट म्हणजे एका पौंडात १६,८०० यार्ड. एका चादरीला कोणत्या काउंटचं किती वजनाचं सूत लागेल हे मुलं स्वतः मांडतात तेव्हा व्यस्त प्रमाण पाठ करावं लागत नाही. इतिहासात सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे यांच्यापासून सुरुवात करा. आपल्या गावातून देशाकडे गेलं की मुलं प्रश्न विचारायला लागतात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेचा आठवडा मोकळाच ठेवा, त्या दिवसांत कुणी पुस्तक उघडत नाही.

विज्ञानाला प्रयोगशाळा नाही म्हणून घाबरू नका. हळदीत बुडवून वाळवलेला गाळणकागद, जास्वंदीच्या फुलांचा अर्क, लिंबू, खायचा सोडा एवढ्यावर आम्ल-आम्लारीचा धडा होतो. एक साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक मात्र चौघांत मिळून घ्या. कांद्याची साल पाहिल्याशिवाय पेशी कळत नाही.

एक तोटा आधीच सांगते. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच जातो, त्यामुळे ती सोडून द्यावी लागेल.

दहावीला दोन वाटा. एक राज्य मंडळाचा १७ नंबर, दुसरी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. एनआयओएसला १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा आणि नोंदणी पाच वर्षं चालते. पुढे अकरावी सायन्स करायचं असेल तर गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय त्या पाचांत घ्याच, भाषा नि सोपे विषय बघून निवड करू नका. फॉर्मच्या तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळ जूनपासूनच बघत राहा. अर्जाची पोच मिळाली की इथे कळवा, दुरुस्तीच्या अर्जाचा मसुदा देते.