हिंचका की झोपाळा?

"ताई, हल्ली काही सुचतच नाही."

समुपदेशक म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरच्यानं 'हल्ली' म्हटलं तरी पुढचं मला कळतं. ही सगळी नेटवर लिहिणारी माणसं. कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी ओटा आवरून रात्री अकराला मोबाईलवर कथा टाइप करणारी गृहिणी, कुणी युनिव्हर्सिटीत शिकणारा मुलगा. यांना संपादक नाही, मानधन नाही, 'अमुक तारखेपर्यंत मजकूर पाठवा' असं सांगणारं कुणी नाही. स्वतः लिहायचं, स्वतः तपासायचं, स्वतःच टाकायचं आणि मग कुणी वाचलं का ते स्वतःच बघत बसायचं.

'सुचत नाही' हे पहिल्या भेटीतलं वाक्य असतं. त्याच्या मागची दोन वाक्यं तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर येतात. एक, 'माझं कोण वाचणार?' आणि दुसरं, 'मी स्वतःला लेखिका समजायला लागले, हे जरा जास्तच झालं का?' आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांकडे त्यात आणखी एकाची भर पडते: 'आमचं मराठी काही शुद्ध नाही हो.'

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतेय. वय चव्वेचाळीस, एका औषधकंपनीत हिशेब बघतात. माहेर दांडिया बाजारातलं, आता राहायला मांजलपूरला. तीन वर्षांत साठेक लेख आणि कथा लिहून झाल्या होत्या आणि पाच महिन्यांपासून एक ओळ नव्हती.

पहिल्यांदा मी त्यांच्या फोनबद्दल विचारलं. टाकलेले लेख किती जणांनी वाचले, तो आकडा दिवसातून किती वेळा बघता? "आठ-दहा वेळा," त्या म्हणाल्या. मी एक कोरा कागद दिला आणि दर वेळी एक रेघ मारायला सांगितली. पुढच्या भेटीत त्या कागद घेऊन आल्या तेव्हा पहिल्याच दिवसाच्या रेघा एकेचाळीस होत्या. त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, लाजायचं कारण नाही, माणसाचं मन असंच चालतं. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की जीव पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून ते दाखवलं, त्यालाही आता सत्तर वर्षं होत आली. तुमच्या मनाला जे बळ लिहिण्यासाठी हवंय, ते दिवसभर त्या आकड्यांपाशी ताटकळत उभं आहे, एवढंच.

मग ठरलेल्या वारी लिहिण्याची गोष्ट निघाली. "पण ताई, आतून आल्याशिवाय कसं लिहायचं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याला माझ्याकडे एक आवडतं उत्तर आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्राध्यापकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी मनात येईल तेव्हाच लिहायला सांगितलं आणि काहींना ठरल्या दिवशी लिहिणं भागच पडेल अशी व्यवस्था केली. ज्यांना लिहिणं भाग पडलं त्यांची पानं जास्त झाली, यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. म्हणजे आपण सुचण्याची वाट बघत बसतो, आणि सुचणं आपण लिहायला बसण्याची वाट बघत असतं.

बाईंना हे पटलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अर्धा तास. शिस्तीच्या बाई, त्यांनी ते केलं. महिन्याभरात चार लेख तयार झाले आणि त्या आल्या त्या आणखीच उदास होऊन.

"लिहिते हो ताई. पण माझं मलाच वाचवत नाही."

लेख मी वाचले. भाषा स्वच्छ, विषय चांगले, आणि तरी वाचताना कुठेच काही हलत नव्हतं. त्या आठवड्यात मी त्यांचा खूप विचार केला. औषध बरोबर होतं, पण ते आजाराच्या अर्ध्याच भागाला लागू पडलं होतं. वेळ ठरली, हात चालायला लागले आणि तरी लिहिणाऱ्या बाई त्या लिहिण्यात कुठे दिसत नव्हत्या. समोर बसून बोलत तेव्हा त्याच बाई अशा बोलत की माझी पुढची वेळ चुकायची.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, आज बोलायचं नाही, वाचून दाखवा. आजीवरचा लेख होता. छापलेला कागद माझ्या हातात, आणि त्या फोनवरून वाचत होत्या. त्यांची आजी सयाजीरावांच्या राज्यात शाळेत शिकली, दुपारी सेंट्रल लायब्ररीतून आणलेलं मराठी पुस्तक मोठ्यानं वाचायची, आणि शेजारच्या गुजराती बायका ते ऐकायला येऊन बसायच्या. मध्येच थांबून आजी त्यांना गुजरातीत समजावून सांगायची. किती सुंदर प्रसंग! कागदावर मात्र तो एखाद्या निबंधासारखा पडला होता.

वाचताना त्या म्हणाल्या, "आजी हिंचक्यावर बसायची..."

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर होतं, 'आजी झोपाळ्यावर बसत असे'.

मी काही बोलले नाही. पुढे कागदावर 'खिडकीतून' होतं, त्यांनी वाचलं 'बारीतून'. कागदावर 'मला ते जमत नसे', त्यांनी वाचलं 'मला ते फावायचं नाही'. फोनवर समोर अक्षरं दिसत होती आणि जीभ दुसरंच बोलत होती. त्यांना पत्ताही नव्हता.

वाचून झाल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि तीन शब्दांवर बोट ठेवलं.

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी आम्ही हिंचकाच म्हणतो. पण लिहिताना... झोपाळा हवं ना. पुण्याच्या लोकांना कळायला हवं."

"पुण्यातले कोण?"

"म्हणजे... वाचक."

"किती आहेत? कोण कोण?"

त्यांनी मनाशी मोजलं. "दोन. एक माझी वहिनी."

आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समुपदेशनात असे क्षण फार थोडे येतात आणि ते आले की आपण गप्प राहायचं असतं, हे मला सव्वीस वर्षांत शिकायला मिळालंय. पाच मिनिटं आम्ही दोघी काही बोललो नाही. खालच्या रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, तेवढाच आवाज.

मला जे त्या दिवशी उमगलं, ते मी तेव्हापासून प्रत्येक लिहिणाऱ्याला सांगते. या बाईंच्या मनाच्या दारात एक जकात नाका होता. आतून येणारा प्रत्येक शब्द तिथे अडवला जायचा, तपासला जायचा आणि दुसरे कपडे घालून पुढे सोडला जायचा. आठवण एकटी येत नाही, ती आपल्या शब्दासकट येते. 'हिंचका' या शब्दाबरोबर पितळी साखळ्यांचा आवाज येतो, दुपारचं ऊन येतं, आजीचा पाय येतो. त्या शब्दालाच परत पाठवलं की बाकीची मंडळीही त्याच्याबरोबर परत जातात. मग मागे जे उरतं त्याला आपण 'सुचत नाही' म्हणतो. प्रेरणा आटलेली नव्हतीच. तिला नाक्यावर थांबवून ठेवलं होतं, आणि तेही जो माणूस अस्तित्वातच नाही अशा परीक्षकासाठी.

"पण ताई, ते चूक आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी तेव्हा भरभरून बोलले. मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात चारदा भरलं, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ मध्ये. १९०६ मध्ये सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं, मुलींसाठीसुद्धा. तुमची आजी शिकली ती त्यामुळे. १९१० पासून गावोगाव वाचनालयांची चळवळ उभी राहिली. इथली मराठी कुणाच्या दारातली पाहुणी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "खरंय" म्हणाल्या, आणि चेहरा होता तसाच राहिला. माहितीनं भीती जात नाही. भीती जाते ती ज्याची भीती वाटते ते करून पाहिल्यावर.

माझा मार्ग विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा आहे, त्यामुळे ती पद्धत घडवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची एक गोष्ट मी नेहमी सांगते. ते १९ वर्षांचे असताना अनोळखी मुलींशी बोलायला त्यांना विलक्षण भीती वाटे. त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचं. महिनाभरात ते शंभर जणींशी बोलले. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. व्यवहारात पाहिलं तर हाती शून्य. पण भीती गेली, कारण शंभर वेळा नकार मिळूनही काही कोसळलं नव्हतं. आधी आत्मविश्वास येईल आणि मग मी करीन, असं म्हणणाऱ्यांनी ही बाग डोळ्यांसमोर ठेवावी.

आमच्या बाईंना मी दोन कामं दिली. पहिलं, महिन्याभरात दहा जणांना तोंडानं सांगायचं, 'मी लिहिते.' दुसरं, आजीचा लेख 'हिंचका'सकट टाकायचा, कंसात अर्थ द्यायचा नाही, आणि टाकण्याआधी काय काय होईल ते लिहून पाकिटात बंद करून माझ्याकडे द्यायचं.

खंडेराव मार्केटमध्ये त्यांनी पहिल्यांदा भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, "तमे लखो छो? सरस! मेथी केटली आपुं?" हे सांगताना त्या मोकळ्या हसल्या. तीन वर्षं जी गोष्ट त्यांनी ऑफिसात लपवून ठेवली होती, ती मेथीच्या जुडीइतक्या सहज कुणीतरी हातात घेतली होती.

पाकीट पुढच्या भेटीत उघडलं. आत लिहिलं होतं: 'वीस जण हसतील. चार जण चुका काढतील. वहिनी फोन करेल.' प्रत्यक्षात कुणी हसलं नव्हतं. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'झोपाळा म्हणायचंय का?' उत्तर द्यायला त्यांना दोन तास लागले, हात थरथरत होते. उत्तर एका ओळीचं: 'नाही, आमच्याकडे हिंचकाच.' वहिनीनं खरोखरच फोन केला. तिला विचारायचं होतं, आजीच्या हिंचक्याच्या त्या पितळी साखळ्या शेवटी कुणाकडे गेल्या.

लेख किती जणांनी वाचला? आधीच्या लेखांइतकाच, थोडे कमी-जास्त. हे मी मुद्दाम सांगते. आकडा वाढला म्हणून धीर आला, असं इथे झालं नाही, आणि तुमच्या बाबतीतही तसं होईल याची वाट बघू नका.

वाचणाऱ्यांपैकी जे स्वतः लिहितात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, आणि जिथे जीभ कागदापासून वेगळी वाट धरते तिथे खूण करा. बहुतेक वेळा जीभ बरोबर असते. 'वाचकांसाठी' लिहू नका, एका खऱ्या माणसासाठी लिहा, ज्याचा चेहरा तुम्हाला डोळे मिटून दिसतो. लेख टाकला की फोन दुसऱ्या दिवसापर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिले तीन दिवस अवघड जातील, मग हात तिकडे वळेनासा होतो. शुद्धलेखनाच्या चुका मात्र जरूर सुधारा. ऱ्हस्व-दीर्घ दाखवून देणाऱ्याचे आभार मानावेत, तो तुमचा शत्रू नव्हे. फक्त चूक सुधारणं वेगळं आणि आपला शब्द सोडून देणं वेगळं, हा फरक ओळखता यायला हवा. आणि 'मी लेखिका आहे का' या प्रश्नाच्या मागे लागू नका. आजचा लेख बरा झाला का, एवढंच विचारा. लेखाला गुण देता येतात, माणसाला देता येत नाहीत. या एका गोष्टीवर माझा इतका विश्वास आहे की मी माझ्या मुलांनाही हेच सांगून वाढवलं.

एक इशाराही. सुचत नाही, त्याबरोबर झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आवडत्या कुठल्याच गोष्टीत मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो प्रश्न लेखनाचा नाही. मग उशीर न करता डॉक्टरांना भेटा.

बाई शेवटच्या भेटीला आल्या त्या नवा लेख घेऊनच. रेघांचा कागद कधी बंद झाला ते त्यांना आठवत नव्हतं. विषय पुन्हा आजीचाच, पण या वेळी तिची वाचनाची दुपार आतून लिहिली होती: पान उलटताना ती पायानं हिंचका थांबवायची, आणि थांबला की समोर बसलेल्या शेजारच्या बा पुढचं ऐकल्याशिवाय न राहवून एकच शब्द म्हणायच्या. तो शब्द त्यांनी कागदावर तसाच ठेवला होता, गुजरातीतच.

"पछी?"