वाचकांचे प्रश्न : जुनी बुलेट, कुंभार्ली घाट आणि आठ जणांची फेरी

प्रश्न : माझी १९८४ची कास्ट आयर्न बुलेट ३५० आहे. नवी असल्यापासून मीच चालवतो. जानेवारीत आम्ही आठ मित्र साताऱ्याहून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर आणि पुढे किनाऱ्याने मालवणपर्यंत जाणार आहोत. बाकीच्यांच्या गाड्या नव्या आहेत. माझ्या गाडीचं काय काय करून घ्यावं? – वाचक, सातारा

उत्तर : सगळं काम निघण्याच्या पंधरा दिवस आधी उरका आणि मग गाडी किमान दीडशे किलोमीटर चालवा. हात लागलेला नट, बदललेलं पॅकिंग पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्येच काय ते दाखवतं. ती गळती घराजवळ दिसलेली बरी.

आधी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा संपर्क, बघा. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवी, तीही फिलर गेज लावून; अंदाजाने नको. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. सपाटीला हे कळत नाही. घाटात मात्र गाडी ओढत नाही, इंजिन तापतं आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. कॅमला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावा. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) मोकळीक, इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे, शक्यतो सकाळी. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा. पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आवाज जावा म्हणून आवळून घेऊ नका. व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो.

ऑइल बघण्यात पुष्कळ जण फसतात. हे इंजिन ड्राय संपचं आहे, म्हणजे ऑइल क्रँककेसच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत राहतं. गाडी काही दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि पट्टीवर कमी दिसतं. तेव्हा भर घातली तर चालू केल्यावर ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर फेकलं जातं. म्हणून दहा मिनिटं गाडी चालवून आणा आणि बंद केल्या केल्या पट्टी बघा.

चेनला २५ ते ३० मिमी ढील ठेवा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथे मोजा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते : चेन ताणताना चाक मागे सरकतं, तसा मागचा ब्रेकही आवळला जातो. रॉडचा नट सैल करून चाक मोकळं फिरतंय ना ते बघा. नाहीतर चिपळूण येईपर्यंत ड्रम तापलेला असेल.

प्रश्न : आठ गाड्यांसाठी मिळून सुटे भाग किती घ्यावेत? – वाचक, कराड

उत्तर : आधी गाड्यांची यादी करा. एकाच मॉडेलच्या तीन गाड्या असतील तर क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, प्लग आणि लिव्हर यांचा एकेक संच तिघांत पुरतो. कास्ट आयर्न बुलेटसाठी पॉइंट आणि कंडेन्सर वेगळे घ्या. ते आता वाटेतल्या प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही. त्या गाडीची क्लच वायर पिशवीत ठेवण्यापेक्षा जुन्या वायरीला लागूनच ओवून टेपने बांधून ठेवा. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची.

स्पोकच्या चाकात ट्यूब असते. पुढचं चाक १९ आणि मागचं १८ इंची असेल, तर १९ची ट्यूब अडचणीत १८मध्ये गावापर्यंत नेते. टायर काढायच्या तीन पट्ट्या, हवेचा पंप, पेट्रोलची नळी, फ्यूज, वायरचा तुकडा, एम-सील, चेनचं लॉक. लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते तिकडे हवी. उलट बसली तर निसटते. मागचं चाक घरी एकदा स्वतःच्या पान्यांनी काढून बघा. कोणता पाना कमी आहे ते तेव्हाच कळेल.

प्रश्न : मागच्या फेरीत आमचे दोघे जण चुकले आणि शेवटचे गाडी भन्नाट मारत आले. हे कसं टाळावं? – वाचक, सातारा

उत्तर : रांग रबरासारखी ताणली जाते. पुढचा ६० ने चालला तरी दर वळणाला मागे पडणारा शेवटचा ८० ने येऊन अंतर भरतो. म्हणून सर्वांत सावकाश चालवणारा आणि सर्वांत जुनी गाडी म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा. शेवटी अनुभवी माणूस, हवेचा पंप आणि हत्यारं. फाट्यावर म्होरक्याच्या मागचा थांबेल आणि शेवटचा दिसेपर्यंत हलणार नाही, एवढा एक नियम सर्वांनी पाळला तर फोनची गरज पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर एक डावीकडे, त्यामागचा उजवीकडे अशी रांग, घाटात मात्र एकेरी.

कुंभार्ली उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक सतत दाबला की ड्रम तापून फुगतो, ब्रेकचा लायनर गुळगुळीत होतो आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो. तसं झालं तर थांबा. वरून पाणी ओतू नका. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, म्हणून हौसेने गाड्यांची अदलाबदल करायची ती सपाटीला, घाटात अजिबात नको.

तवसाळ-जयगड फेरीबोटीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये सरळ जा, पुढचा ब्रेक धरू नका, बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. रत्नागिरीपुढे सड्यावरच्या वळणांवर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. वेग वळणाआधीच कमी करा, वळणात नाही.

पेट्रोल सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने. १३ लिटरच्या टाकीत ३० चा ॲव्हरेज धरला तरी १५०-१८० किलोमीटरला सगळ्यांनी एकाच पंपावर भरावं, अर्धी टाकी असली तरीही.

प्रश्न : कागदपत्रांचं काय? – वाचक, कोरेगाव

उत्तर : १५ वर्षांवरील गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आरसीवरची तारीख आजच बघा. पीयूसी आणि विम्याची मुदत परतीच्या दिवसापुढे असावी. पंचावन्न उलटलेल्यांनी परवान्याचीही तारीख बघावी, कारण तो ५ वर्षांसाठीच मिळतो.

आणि मालवणहून परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन सुकवून तेल द्या. खारी हवा स्पोकच्या निपलला आणि बॅटरीच्या टर्मिनलला आधी धरते.