सहा वर्षांच्या मुलीला आजीकडे ठेवून नाशिकहून मुंबईत दोघांनीच शनिवार-रविवार घालवायचा आहे. बजेट १५ हजार. कसं ठरवावं?

तुम्ही दिलेली यादी वाचली: गेटवे, एलिफंटा, सिद्धिविनायक, वांद्रे, जुहू आणि जमलं तर एक नाटक. यातलं निम्मं आधी खोडा. शनिवारी सकाळी अकरा ते रविवारी संध्याकाळी सहा म्हणजे ३१ तास, झोप वजा करा, उरले २३. कुलाब्याहून जुहूला एकदा जाऊन आलात की त्यातले तीन तास टॅक्सीच्या मागच्या सीटवर गेले. सिद्धिविनायकाला आईंना घेऊन जाल तेव्हा जा. या खेपेला चर्चगेट, फोर्ट आणि कुलाबा एवढाच त्रिकोण धरा. यातलं जवळपास सगळं पायी होतं, आणि दोघांनी बोलत बोलत चालणं हाच तर या दोन दिवसांचा मुद्दा आहे.

गाडीचं आधी. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोचवते. परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर, कारण रविवार संध्याकाळची एसी चेअर कार आधी भरते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगलाच राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही. 'चढू, बघू पुढे' या भरवशावर राहू नका. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं असेल तर शिर्डीहून येणारी वंदे भारत साडेसातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि रात्री अकराच्या आत उतरवते. पण मग हॉटेलची एक रात्र वाढते, ती १५ हजारांत बसत नाही.

स्वतःची गाडी नेऊ नका. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू झाल्यामुळे कसारा घाट टळतो हे खरं, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. वर फोर्टात गाडी लावायला जागा शोधताना जे भांडण होतं, ते घरीही फुकट करता येतं.

आता मुलीचं, कारण बहुतेकांचा बेत इथेच फसतो. सातची गाडी म्हणजे घरातून सहाला निघायचं. पहाटे पाचला झोपेतून उठवून आजीकडे सोडलंत तर ती रडणार, आणि इगतपुरी येईपर्यंत तुम्ही दोघं गप्प. तिला शुक्रवारी संध्याकाळीच तिकडे झोपायला पाठवा आणि 'रविवारी नाही, सोमवारी सकाळी येऊ' हे तिला आधीच स्पष्ट सांगा. पंचवटी नाशिकरोडला पोचते साडेनऊ-पावणेदहाला, तिथून पुढे घर गाठायचं. तेवढ्या रात्री झोपलेल्या मुलीला उचलून आणण्यात काहीच मिळत नाही. सोमवारचा गणवेश, वह्या आणि डबा शुक्रवारीच आजीकडे पोचवून ठेवा.

फोन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी: दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी खेळून आल्यावर. झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल नको. दिवसभर मजेत असलेली मुलं नेमकी तेव्हाच आईचा चेहरा बघून हंबरडा फोडतात.

आणि तापाच्या औषधाचा कागद. पॅरासिटामॉलचं सिरप १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० मिलिग्रॅमचंही, दोन्ही दर ५ मिलिलिटरमागे. बाटल्या दिसायला सारख्या, पण एकातलं औषध दुसऱ्याच्या दुप्पट. आजीला 'एक चमचा दे' एवढंच सांगितलं आणि घरात दुसरीच बाटली असली तर डोस चुकतो. डॉक्टरांकडून वजनानुसार डोस लिहून घ्या, तीच बाटली आणि तिचंच मापाचं झाकण आजीकडे ठेवा, कागद बाटलीला रबर लावून गुंडाळा. दवाखान्याचा नंबर, विमा कार्डाची प्रत आणि शेजारच्या एका घराचा नंबरही त्याच कागदावर लिहा.

हॉटेल मरीन ड्राइव्ह, चर्चगेट किंवा कुलाब्यात बघा. १५ हजारांतले ६ हजार खोलीला ठेवा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलात की १८. त्यामुळे ७,४०० आणि ७,६०० मधला फरक २०० रुपयांचा नसतो. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे खिडकीतून मान वाकडी केली तर दिसणारा समुद्र, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. फोर्टातल्या जुन्या इमारतींमधल्या स्वस्त खोल्यांबद्दल फोनवर तीन गोष्टी विचारा: बाथरूम खोलीतच आहे का, खिडकी रस्त्यावर उघडते की डक्टमध्ये, आणि चेक-इनच्या आधी बॅगा ठेवून घेतात का. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण चेक-इन बहुधा दुपारी दोनला असतं आणि तुम्ही अकराला दारात उभे. दोघांचीही मूळ आधार कार्डं जवळ ठेवा. पत्नीच्या कार्डावर माहेरचं नाव असेल तर काही अडत नाही. विवाहाचा दाखला कायद्याने लागत नाही, पण लहान लॉजवाले हटकतात, म्हणून आधीच फोन करून विचारलेलं बरं.

शनिवारी बॅगा टाकल्या की थेट बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया. हे १९२३ पासूनचं इराणी हॉटेल. हे शनिवारीच, कारण रविवारी ते बंद असतं. एकूणच फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग आहे, रविवारी तिथल्या बऱ्याच खानावळींची शटरं खाली असतात. हे माहीत नसल्यामुळे रविवारी दुपारी उपाशी फिरणारी जोडपी तिथे हमखास दिसतात. बाराच्या आत पोचा, एकनंतर रांग लागते. दोघांत एक बेरी पुलाव आणि एक सल्ली बोटी (वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं पारशी मटण) पुरते. पुलावावर जे लाल दाणे असतात ते इराणी झरेश्क, आंबट; भाताचा घास आणि ते दाणे एकत्रच घ्या, बाजूला काढून ठेवलेत तर पुलाव नुसता गोडसर लागतो. शेवटी कॅरमल कस्टर्ड. रोख रक्कम जवळ असू द्या. (मिसळ मुंबईत शोधू नका. ती सोमवारी आपल्याकडे आहेच.)

मग खोलीवर जा आणि झोपा. हसू नका. पहाटे पाचपासून जागे असता, आणि लहान मूल असलेल्या दोघांना दुपारी दोन ते चार बंद दाराआड मिळणं ही चैन एलिफंट्यापेक्षा मोठी आहे. फोन सायलेंटवर टाका, फक्त आजीचा नंबर वाजेल असं सेटिंग करा.

साडेचारला ओव्हल मैदानापासून चालायला लागा. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार, कोरीवकामाने भरलेले. समोरच्या बाजूला १९३०-४० मधल्या गोल कोपऱ्यांच्या, जहाजासारखे सज्जे असलेल्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. मधोमध क्रिकेट चालू असतं. पश्चिमेच्या इमारतींची नावं वाचत चाला, अक्षरांची वळणंही त्याच काळातली आहेत.

सूर्यास्तासाठी कुठे बसायचं याला फार महत्त्व आहे. लोक सवयीने गिरगाव चौपाटीला जातात, पण तिथून सूर्य मलबार हिलच्या मागे जातो, पाण्यात बुडताना दिसत नाही. नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्राच्या पुढे कठड्यावर बसा, तिथून समोर उघडा समुद्र असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातनंतर. पाऊण तास आधी पोचलात तर जागा मिळते. खालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर उतरू नका, शेवाळ असतं आणि पाय फटीत अडकतो. पावसाळ्यात जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा, मोठ्या भरतीला लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते आणि पोलीस लोकांना हटवतात.

नाटकाचं म्हणाल तर दादरच्या शिवाजी मंदिरात लागतं त्यातलं बरंचसं पुढेमागे नाशिकच्या कालिदास कलामंदिरात येतं, ते तिथे बघा. त्याऐवजी एनसीपीएत त्या दिवशी काय आहे ते महिनाभर आधी तपासा. वेळेच्या आधी पोचा, उशीर झाला की आत सोडत नाहीत. किंवा चर्चगेट स्टेशनासमोरचं इरॉस, १९३८ चं थिएटर, आता आयमॅक्स झालंय. दोन्ही नको असेल तर ब्रेबॉर्न स्टेडियमसमोर के. रुस्तमकडे दोन वेफरमध्ये दाबलेली आइस्क्रीमची वडी घ्या आणि परत समुद्राकडे चाला. कागद पूर्ण उलगडायचा नाही, वडी वितळून मनगटापर्यंत येते. खाल तेवढाच सोलत जायचा.

रात्री मासे खायचे तर फोर्टातलं महेश लंच होम, टेबल आधी सांगून ठेवा. खेकडा दर वजनावर असतो, 'आजचा दर' विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, नाहीतर बजेट तिथेच संपतं. जेवणानंतर सीएसएमटीसमोर महापालिकेच्या बाजूला पाच मिनिटं थांबा. सकाळी गर्दीत उतरताना जी इमारत दिसली नाही, ती दिवे लागल्यावर दिसते.

रविवारी साडेसहाला गेटवे. आठनंतर तिथे फोटोवाले आणि सहली येतात, त्याआधी कबुतरं आणि तुम्ही. बॅगेची तपासणी होते, म्हणून फक्त पाकीट आणि फोन न्या. तिथून टॅक्सीने धोबीतलावला क्यानी, १९०४ चं. बन मस्का, इराणी चहा, मावा केक. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. मीटर टाकायला आधी सांगा, बसल्यावर नाही. रिक्षा शोधू नका, या भागात रिक्षांना परवानगीच नाही.

एलिफंटा का नको: बोटीने एका बाजूचा तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, आणि रविवारची गर्दी. सगळा मिळून चार-पाच तासांचा खेळ, आणि मध्ये चेक-आउट. त्याऐवजी सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं तेव्हाच आत शिरा, लघुचित्रांचं दालन आधी. बाराला हॉटेल सोडून बॅगा तिथेच ठेवा. मग जहांगीर आर्ट गॅलरी, प्रवेश फुकट, आणि मागच्या गल्लीतलं निळं सिनेगॉग बाहेरून. कुलाबा कॉजवेवर दुकानदार सांगेल त्याच्या चाळीस टक्क्यांपासून सुरुवात करा.

तरीही दादर-वांद्र्याचा मोह झालाच तर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक बघून निघा. त्यापेक्षा भुयारी मेट्रो ३ बरी, पण तिकीट खाली उतरण्याआधी काढा, खाली मोबाइलचं नेटवर्क दगा देऊ शकतं.

हिशेब: खोली करासकट ६,३००, रेल्वे एसी चेअर कारने दोघांची ये-जा २,००० च्या आत, खाणं ४,०००, टॅक्सी आणि तिकिटं १,०००. वर १,७०० उरतात, ते खेकड्यासाठी किंवा सिनेमासाठी ठेवा.

थंडीत जाणार असाल तर एक गोष्ट: पहाटे नाशिकरोडला स्वेटर लागतो आणि दादर येईपर्यंत घाम फुटतो. जाड जॅकेट नेलंत तर दोन दिवस ते हातावर टाकून फिरावं लागेल. दोन पातळ थर घाला. परतताना इगतपुरीला तेच पुन्हा लागतील, म्हणून बॅगेत वरच ठेवा. रविवारी साडेपाचला बॅगा उचलून सीएसएमटीला, लोकलच्या नाही, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला.