वारा आहे म्हणून कड्यावरचा बेत रद्द करू नका

जूनअखेरीस उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर प्रवासात असताना समुद्रपक्ष्यांसाठी एकच दुपार हाताशी आहे आणि अंदाज जोराच्या वाऱ्याचा आहे, तर जावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर जा. मात्र वाऱ्याच्या वेगाइतकीच त्याची दिशाही बघा.

समुद्राकडून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते. या चढत्या हवेवर फुलमार हा समुद्रपक्षी पंख ताठ पसरून तुमच्या डोळ्यांसमोर, कधीकधी अगदी दहा-पंधरा फुटांवर, तरंगत राहतो. पंख हलत नाहीत, फक्त शेपटी किंचित कलते. वारा पडलेल्या दिवशी हे दृश्य मिळत नाही, म्हणून मला वाऱ्याचाच दिवस आवडतो.

खरी गंमत गिलमॉटची, म्हणजे कड्याच्या कपारींवर दाटीने राहणाऱ्या समुद्रपक्ष्याची. सुमारे किलोभर वजन, आणि पंख पाण्याखाली पोहायला सोयीचे, म्हणजे आखूड आणि अरुंद. त्याला सावकाश उडणं जमतच नाही. कपारीवर उतरायचं तर तो तिच्या पातळीखालून भरधाव येतो, ऐनवेळी वर झेपावतो, वेग संपतो त्या क्षणी पाय पुढे टाकतो आणि खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्यांत घुसतो. वाऱ्याचा झोत आला की हिशेब चुकतो, मग समुद्रावर मोठी फेरी मारून पुन्हा तोच प्रयत्न. एक कपार निवडा आणि अर्धा तास तिथून दुर्बीण हलवू नका. सगळा कडा एकदम बघायला गेलात तर नुसता गोंगाट आणि वास लक्षात राहील.

शक्य असेल तर दुपारऐवजी संध्याकाळ ठेवा. गिलमॉटचं पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून उडी मारतं, आणि पुढे समुद्रात बापच त्याला सांभाळतो. या उड्या बहुतेक तिन्हीसांजेला होतात आणि तुमच्या तारखांच्या सुमारास सुरू होतात. खालून बापाची हाक आणि वरून पिल्लाची बारीक शीळ एकदा कानात बसली की नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

रंगीत चोचीचा पफिन सगळ्यांनाच हवा असतो. तो कपारीवर न राहता बहुधा वरच्या गवताळ उतारावर बीळ करतो. चोचीत आडवे मासे धरून येतो आणि तरी नवा मासा पकडायला चोच उघडू शकतो, कारण जीभ आणि टाळूवरचे काटे आधीचे मासे दाबून धरतात. पण याच बिळांमुळे कड्याची किनार पोखरलेली असते. आइसलंडचा लाट्राब्यार्ग हा कडा ४४० मीटरपर्यंत उंच आहे आणि तिथे काठावरचं हिरवं गवत खालून पोकळ असू शकतं. काठाजवळ उभं राहू नका. पोटावर झोपून बघा, तेही काठापासून अंतर ठेवून. कुंपण असेल तिथे कुंपणाच्या आतच. पक्षी बिचकून एकदम उडाले तर उघड्या खडकावरची अंडी घरंगळतात आणि उरलेली गल पक्षी उचलून नेतात. ड्रोन तर नकोच.

जागा निवडताना कड्याच्या माथ्यावरून थेट खाली बघू नका. किनारा जिथे वळतो तिथून समोरची भिंत दिसते, तिथे बसा. इंग्लंडमधल्या बेम्प्टनच्या कड्यांवर अशा बाजूने दिसणाऱ्या जागा आहेत आणि गॅनेट हे मोठे पांढरे समुद्रपक्षी अगदी जवळून दिसतात. दुर्बिणीतून त्यांचा डोळा जरूर बघा. एरवी तो फिकट निळा असतो, पण २०२२ च्या बर्ड फ्लूमधून वाचलेल्या काही गॅनेटची बुबुळं काळी झालेली आढळली आहेत. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका.

सामानाचं थोडक्यात: ८x४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्या, १० पट मोठं दाखवणारी वाऱ्यात फार थरथरते. खाली बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवा. काचेवर मिठाचा थर बसतो, तो कोरड्या कापडाने घासू नका, आधी गोड्या पाण्याने धुवा.

फोटो काढणार असाल तर एक लक्षात घ्या. तरंगणारा पक्षी तोंड वाऱ्याकडेच ठेवतो. वारा थेट समुद्राकडून असेल तर माथ्यावरून तुम्हाला पाठी दिसतात. कड्याला तिरका किंवा समांतर असेल तर चेहरा, चोच, सगळं बाजूने मिळतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे झोत मारत असेल तर मात्र तो तुम्हाला काठाकडे ढकलतो. त्या दिवशी काठाचा नाद सोडून खाली बंदरातून निघणाऱ्या बोटीची चौकशी करा. अशा वाऱ्यात कड्याच्या आडोशाचं पाणी बऱ्याचदा शांत असतं, आणि पाण्यावर बसलेले पक्षी तिथून जवळ दिसतात.