जर्मनचे शब्द पाठ आहेत, पण तोंड उघडत नाही

प्रश्न : मी नालासोपाऱ्याला राहते. बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, पुढे जर्मनीत नोकरी करायचीय. दर रविवारी दादरला जर्मनचा क्लास असतो. एरवी लोकलमध्ये मोबाइलवर शब्दांच्या याद्या वाचते. मॅक्सम्युलर भवनच्या बी१ (जर्मनची मधली पातळी) परीक्षेत वाचन-लेखन निघालं, श्रवण आणि संभाषण राहिलं. आता एका क्लासवाल्यांनी ४५ दिवसांत बी१ची हमी दिलीय. आईबाबा फी भरायला तयार आहेत. जाऊ का?

उत्तर : नको. मॅक्सम्युलर भवन ज्यांचं आहे, त्या गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजानुसार शून्यापासून बी१पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. कमीत कमी ३५० धरल्या तरी ४५ दिवस रोज जवळजवळ सहा तास झाले. ड्युटी सांभाळून? शिवाय तुला सगळं पहिल्यापासून करायचंच नाहीये. या परीक्षेचे चारही भाग स्वतंत्र असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. राहिलेत ते दोनच द्यायचे.

ते का राहिले, हे तुझ्या पत्रातच आहे. तू याद्या वाचतेस. वाचताना प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. पण परीक्षक समोर बसला की यादी नसते, शब्द आतून यावा लागतो. म्हणून यादी बंद कर आणि चिठ्ठ्या कर. एका बाजूला मराठी, मागे जर्मन, तेही नुसता शब्द नाही, तर आर्टिकल (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द) आणि अनेकवचनासकट : ‘दी हांट, दी हेंडे’. आपल्याकडे ‘तो हात’ असला तरी तिकडे हात स्त्रीलिंगी, त्यामुळे मराठीवरून अंदाज बांधायला जाऊ नकोस. आठवलेली चिठ्ठी तीन दिवसांनी, मग आठवड्यानं बघायची, अडलेली उद्याच. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं चिठ्ठ्या अशा वेगवेगळ्या खोक्यांत ठेवायची ही पद्धत लोकप्रिय केली. मोबाइलवर हवं असेल तर अंकी हे अ‍ॅप हेच काम करतं. विरार लोकलमध्ये एका हातानं एवढंच जमण्यासारखं आहे.

गाडीत नवीन काही ऐकू मात्र नकोस. त्या गोंगाटात कान फक्त ओळखीचे शब्द टिपतो, बाकीचं सोडून द्यायची सवय लागते. श्रवणाचा अभ्यास घरीच, वीस मिनिटं, पण रोज. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत कोर्स बी१पर्यंत आहे. त्यातला मिनिटभराचा तुकडा घे. आधी मजकूर न बघता ऐक, मग थांबवत थांबवत वहीत उतरव आणि शेवटी छापील मजकुराशी ताडून लाल पेनानं चुका काढ. कंटाळवाणं आहे, पण पहिल्याच आठवड्यात कळेल की तू नेमके कोणते आवाज गिळतेस. बी१च्या श्रवणात दोन भाग एकदाच ऐकवतात, तिथे हीच तयारी कामी येते.

संभाषणाचा पेपर सहसा जोडीनं होतो : दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एकेकानं विषय मांडायचा आणि प्रश्नोत्तरं करायची. हे एकटीनं पाठ करून येत नाही. दादरच्या क्लासमधली एखादी मैत्रीण गाठ आणि आठवड्यातून दोनदा फोनवर फक्त जर्मनमध्ये बोला. रोज ड्युटी संपल्यावर एक मिनिट रेकॉर्डिंग कर : ‘दी पात्सिएंटिन हाट फीबर’ (पेशंटबाईंना ताप आहे), पुढे काय केलं, का केलं. पेशंटचं नाव घ्यायचं नाही. ‘का’चं उत्तर देताना ‘वाइल’ (कारण) वापरलंस की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, मराठीसारखंच. इंग्रजीतून वाक्य जुळवत बसणाऱ्यांना हे जड जातं, तुला जाऊ नये. रविवारी ती रेकॉर्डिंग क्लासच्या मॅडमना ऐकव.

आईबाबांना सांग, नर्सिंगची मान्यता मिळवायला तिकडे सहसा बी२, म्हणजे बी१च्या पुढची पातळी मागतात. ते पैसे त्यासाठी राखून ठेवा. सध्या फक्त राहिलेल्या दोन भागांची फी भर, आणि तीही किमान तीन महिने असा अभ्यास झाल्यावर.